हँडल मारण्यापूर्वी

आमच्या घरात पोरांना मुळाक्षरांच्या आधी हँडल मारायला शिकवलं, असं आई म्हणायची. फारशी खोटी नव्हती ती. बाबांची मोटार आमच्या जन्माच्या कितीतरी आधीची. उघडी, काळी, लाकडी आऱ्यांच्या चाकांची, पितळी दिव्यांची. ती किल्लीनं सुरू होत नाही. रेडिएटरच्या खाली भोक आहे, त्यात लोखंडी हँडल घालायचं आणि खालून वर जोरात ओढायचं. नीट जमलं तर इंजिन गुरगुरायला लागतं. चुकलं तर हँडल उलटं फिरतं आणि ओढणाऱ्याचा हात मोडून ठेवतं.

सगळी मेख एका पितळी दांडीत आहे. स्टिअरिंगच्या मधोमध, बोटभर लांबीची. दांडी मागे असली की ठिणगी उशिरा पडते, पुढे असली की लवकर. धावत्या गाडीला पुढे लागते. हँडल मारताना मात्र ती मागेच हवी, नाहीतर पिस्टन वर पोचायच्या आधीच इंजिनात बार उडतो आणि सगळा दणका हातात येतो.

म्हणून बाबांचे दोन नियम होते. पहिला, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. विळखा दिसला की बाबा अंगठ्यावर पाना हाणायचे. मी बराच मार खाल्ला, माझ्या धाकट्या बहिणीनं कमी, कारण ती माझ्यापेक्षा हुशार. दुसरा नियम, हँडल धरणाऱ्यानं सीटवरच्या माणसाला ‘मागे?’ असं विचारायचं आणि थांबायचं. त्यानं दांडीला हात लावून ‘मागे’ म्हटलं, की मगच ओढायचं. बाबांचं उजवं मनगट जन्मभर वाकडं राहिलं. लहानपणी त्यांच्या थोरल्या भावानं गंमत म्हणून खोटंच ‘मागे’ म्हटलं होतं. त्यामुळे आमच्या घरात बाकी कशाबद्दलही थापा चालायच्या, अगदी परीक्षेच्या मार्कांबद्दलसुद्धा, पण त्या एका उत्तरात खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

मी दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात हात आणि रविवारी ग्रीसमध्ये. स्वभाव बाबांचा, राग नाकाच्या शेंड्यावर. बाबा गेल्यावर मोटार माझ्या शेडमध्ये आली आणि रविवारी धाकटी मदतीला यायला लागली. गंजलेला बोल्ट हटत नसला की मी त्याला शिव्या घालत हातोडा घेई. ती त्याला तेल पाजून वाट बघे. बहुतेक वेळा बोल्ट तिचंच ऐकायचा.

मग तिचं लग्न झालं आणि वकील आमच्या शेडमध्ये आला.

दिसायला राजबिंडा, बोलायला लाघवी, उचलली जीभ लावली टाळ्याला. मोटार बघताक्षणी तो तिच्या प्रेमात पडला, म्हणजे तिच्याबरोबर फोटो काढण्याच्या. बॉनेट त्यानं कधी उघडलं नाही. वर्षभर मी आणि धाकटी खरचटलेल्या बोटांनी तिचे पत्रे ठोकून सरळ करत होतो, आणि लोकांत मात्र तो ‘माझी गाडी’ म्हणायला लागला. आयत्या बिळावर नागोबा. हँडल मारायची मात्र त्याला फार हौस. कुणी बघत असलं की बाह्या सरसावून पुढे व्हायचा. ‘मागे?’ विचारायचा आणि विचारता विचारताच ओढायचा. धाकटीचं उत्तर यायच्या आत इंजिन सुरू झालेलं असायचं. अंगठाही विळखा घातलेला. मी दोनतीनदा सांगितलं, उत्तराला थांबा, अंगठा काढा. तो हसला आणि म्हणाला, दादा, इतकी वर्षं संसार करतोय, तिचं उत्तर मला पाठ आहे.

धाकटी हळूहळू गप्प होत गेली. उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायला लागली. एकदा मानेजवळ निळं दिसलं, तेव्हा मी वकिलाची कॉलर धरून त्याला भिंतीला लावलं होतं. तो तिथे हात जोडून माफी मागून गेला. मला वाटलं, धडा शिकवला. मी मूर्ख होतो.

एका रविवारी सकाळी दोघं आली. धाकटीच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. मी विचारायच्या आतच वकील सांगायला लागला. काल संध्याकाळी तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा आम्ही गाडी बघायला आलो होतो, हिनं हट्टानं हँडल मारलं, फटका बसला, अंगठा गेला. किती सांगितलं मी, पण ऐकते कुठे. बोलता बोलता तो फडक्यानं दिवा पुसत होता.

मी रुमाल सोडला. अंगठा वांग्यासारखा सुजला होता आणि मुळापासून मागे वाकला होता. मनगटावर चार बोटं उमटलेली, एकेक मोजता येईल अशी. धाकटी जमिनीकडे बघत होती.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण आरसासुद्धा तिथेच होता. माझ्यामागे, कामाच्या टेबलावर, फडक्याखाली. ठिणगी देणारं मॅग्नेटो मी शुक्रवारी गाडीतून काढून तिथे उघडून ठेवलं होतं. मोटारीत ठिणगीच नव्हती. ठिणगी नाही तर फटका कुठून बसणार? काल ते हँडल पाळण्यातल्या पोरानं फिरवलं असतं तरी त्याला काही झालं नसतं.

मी फडकं ओढलं आणि म्हटलं, “वकीलसाहेब, हे काय आहे, ओळखता?”

त्याला ओळखता आलं नाही. धाकटीला आलं. तिनं डोळे मिटले.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती माझी खरंच गेली. पहिला गुद्दा मी त्याच्या तोंडावर घातला. पुढचा दात तुटल्याचं मला बोटांना कळलं. जन्मभर पैसे घेऊन दात काढले, हा पहिला फुकट काढला. तो जॅकवर आपटला, उठला, आणि हाताला लागली ती टायर काढायची टॉमी घेऊन माझ्या बरगड्यांवर हाणली. माझा श्वासच गेला. मी त्याला मिठी मारून खाली पाडलं. ऑइलचा डबा लवंडला, आम्ही दोघं त्यात लोळलो. तो माझ्या डोळ्यांत बोटं घालत होता, मी त्याचं डोकं फरशीवर आपटत होतो. एकदा, पुन्हा, पुन्हा. मला फार बरं वाटत होतं, ते लपवत नाही. मग माझ्या हाताला हँडल लागलं. मी गुडघ्यांवर उठलो आणि ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलं. ते खाली आलं असतं तर वकील संपला असता.

धाकटीनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं.

“दादा, मागच्या वेळी तू कॉलर धरलीस. त्याची किंमत घरी जाऊन मी भरली,” ती म्हणाली. “आजचं किती भरू, ते तूच सांग.”

माझे हात आपोआप खाली आले.

तिला मी राहा म्हणालो, विनवलं, ओरडलो. ती म्हणाली, तो केसांना धरून परत नेईल, आणि मधे पडलास तर तुला तुरुंगात घालेल, कायदा त्याचा धंदाच आहे. रक्तानं माखलेला वकील तोवर उभा राहिला होता. त्यानं तोंड पुसलं, तिच्या दुखऱ्या हाताला धरलं आणि तिला बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे नेलं. ती कळवळली, पण तोंडातून आवाज काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. शेडच्या दारात बसून मी रागानं रडलो. माझ्या बायकोनं बरगड्या बांधल्या आणि एवढंच म्हणाली की तुमच्या हातांनी हे सुटायचं नाही.

त्या महिन्यातच जुन्या गाड्यांचा मेळावा होता. वकिलानं तो चुकवणं शक्यच नव्हतं. तुटलेल्या जागी त्यानं नवा दात बसवून घेतला होता, दुसऱ्या डॉक्टरकडून, आणि कामही वाईट होतं. मैदानावर मला बघून म्हणाला, झालं गेलं विसरा दादा, गाडी तयार आहे ना? गाडी तयार होती. मॅग्नेटो मीच बसवलं होतं. धाकटीला निदान लांबून बघता येईल म्हणून गेलो होतो.

मेळाव्याची जुनी रीत अशी की प्रत्येक गाडी लोकांसमोर हँडलनंच सुरू करायची. दोरीपलीकडे गर्दी, अलीकडे गाडीवेडे म्हातारे, कान देऊन उभे. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा रोग सांगणारी मंडळी. आमचा नंबर आला. वकिलानं पांढरी टोपी नीट केली. धाकटी सीटवर बसली होती, अंगठ्याला अजून पट्टी. चढता चढता तिचा पाय घसरला आणि चकाकत्या मडगार्डवर बुटाचा डाग पडला. वकील हसत हसत तिच्याजवळ वाकला. लोकांना वाटलं, नवरा कानात काही गोड बोलतोय. मी अलीकडच्या बाजूला उभा होतो. त्यानं पट्टीच्या वरून तिचा अंगठा मुठीत धरला आणि पिळला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “घरी चल, मग बघतो,” तो म्हणाला, आणि रुमालानं डाग पुसून पुढे गेला.

धाकटीनं डाव्या हाताचं बोट दांडीवर ठेवलं आणि दांडी पुढे सरकवली. पार पुढे, अडेपर्यंत. सरकवून तिनं माझ्याकडे बघितलं.

मला सगळं कळलं. माझ्या तोंडात ‘थांबा’ आला होता. तो मी गिळला.

वकिलानं हँडल घातलं, पाय रोवले, गर्दीकडे बघून हसला. अंगठा नेहमीसारखा विळखा घातलेला. “मागे?”

“पुढे आहे,” धाकटी म्हणाली.

खणखणीत म्हणाली. कुजबुजली नाही, घाई केली नाही. म्हाताऱ्यांपैकी दोघांनी चमकून माना वळवल्या. एक जण हात वर करून पुढे यायला लागला.

“हं, कळलं,” वकील म्हणाला, आणि त्यानं ओढलं.

इंजिनात एकच बार उडाला. हँडल इतक्या जोरात उलटं आलं की दिसलंच नाही, नुसता आवाज आला, वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा. तो खाली पडला नाही. उभा राहून आपल्या हाताकडे बघत होता. हात मनगट आणि कोपर यांच्या मधे वाकला होता, जिथे माणसाचा हात वाकत नाही. हाडाचं टोक पांढऱ्या बाहीतून बाहेर आलं होतं. अंगठा उलट्या दिशेला, तळहातापासून सुटल्यासारखा लोंबत होता. मग रक्त आलं, रेडिएटरवर, पितळी दिव्यांवर, आणि मग तो किंचाळला. ती किंकाळी मी पुष्कळ दिवस मनात पुन्हा पुन्हा ऐकली आहे, आणि एकदाही वाईट वाटलेलं नाही.

त्याला खाली बसवून कुणी पट्टा आवळला, कुणी पाणी आणलं. तो दुसऱ्या हातानं धाकटीकडे बोट दाखवून ओरडत होता की हिनं केलं, मुद्दाम केलं, हिला सोडणार नाही. तेव्हा तो हात वर केलेला म्हातारा त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. पांढऱ्या मिशांचा, नाकावर ग्रीसचा डाग.

“बाईंनी पुढे आहे म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्हीही कळलं म्हणालात.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. वकिलाला साक्षीदारांची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं दाखवलेलं बोट खाली घेतलं.

रुग्णवाहिका आली. त्याला आत चढवलं तेव्हा कुणीतरी धाकटीला म्हणालं, वहिनी, चला, बसा तुम्हीही. ती खाली उतरली. रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत गेली, आत बघितलं, आणि दार बाहेरून नीट लावून परत आली.

मी म्हटलं, उद्या तो येईल गं. ती म्हणाली, येऊ दे, पण आज त्याला कुणाचे केस धरता यायचे नाहीत, आणि मला आजचा दिवस पुरे आहे. कपाटातले कागद आणि कपडे घेऊन आजच तुझ्याकडे येते. तू सीटवर बस.

मी बसलो. तिनं रुमालानं हँडलवरचं रक्त पुसलं, वाकली, आणि डाव्या हातात हँडल धरलं. उजव्याला पट्टी होती. बाबांनी तिला दोन्ही हातांनी शिकवलं होतं. अंगठा बोटांच्या बाजूला होता.

“मागे?” तिनं विचारलं.

आणि ती थांबली. सगळं मैदान थांबलं होतं. मी दांडी पार मागे घेतली, बोटानं चाचपली, पुन्हा चाचपली. ती वाकलेलीच होती, मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत, माझं उत्तर येईपर्यंत.

“मागे,” मी म्हटलं.

तिनं ओढलं.