सैल की घट्ट?

मी एक जुनी मोटार आहे. इतकी वर्षं रस्त्यावर काढल्यावर मला सगळं कळत असेल, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगते मित्रांनो, माझा जन्मच गोंधळात झाला. कारखान्यात मी एका पट्ट्यावरून पुढे सरकत होते. कोणी दार लावलं, कोणी काच बसवली, कोणी खालून काहीतरी आवळलं. कोणाचा चेहरा नीट पाहावा, तोवर पट्टा पुढे गेलेला असे. मला नेमकं कोणी घडवलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

काका मात्र मला पक्के आठवतात. ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते आणि सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणे. त्यांनी मला कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. सुट्टीच्या सकाळी ते बाह्या सरसावून बॉनेट उघडत आणि मान आत घालत, ती जेवायच्या वेळेलाच बाहेर काढत. काकू शेजारी विजेरी धरून उभ्या राहत. त्या घरी शिवणकाम करत, त्यामुळे यंत्राची त्यांना भीती नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, मी करून बघू का? काका म्हणाले, उजेड हलतोय, नीट धर. शेजारी म्हणत, गाडी ठेवावी तर अशी. मी फुलून जाई. उजेड कोणाच्या हातात होता, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

मग एका सकाळी बॉनेट उघडलंच नाही. दारात रुग्णवाहिका आली आणि काकांना घेऊन गेली. पुष्कळ दिवसांनी ते काठी टेकत परत आले. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातले शब्द आपापल्या जागा सोडून भलतीकडे जाऊन बसले होते. चष्मा हवा असला की ते चप्पल मागत. 'हो'च्या जागी 'नाही' येई, 'सैल'च्या जागी 'घट्ट'. तेही नेहमी नाही, मधूनच एखादा शब्द बरोबर येई. नेहमीच उलटं बोलले असते तर किती सोपं झालं असतं!

मी छपराखाली पडून राहिले. बॅटरी उतरली, चाकं बसली, काचेवर धुळीचा थर साचला. परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलानं फोनवरून सांगितलं की आता गाडी विकून टाका. एक गिऱ्हाईकही आलं. त्यानं माझ्या चाकाला बुटानं टोकरलं. तेवढ्यात काका काठी टेकत आले, माझ्यापुढे उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "घ्या, घ्या." पण जागचे हलेनात. त्याला वाटलं सौदा ठरला, मलाही तसंच वाटलं. काकूंनी काकांच्या पायांकडे पाहिलं. ते जमिनीत रुतल्यासारखे होते. "गाडी द्यायची नाही," काकू शांतपणे म्हणाल्या आणि गिऱ्हाईक गेलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पदर खोचला आणि माझं बॉनेट उघडलं. काकांना बोलण्याच्या उपचारांसाठी दूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. काकूंकडे लायसन्स होतं, गाडी चालवायची थोडी सवयही होती. पण मला धड कसं ठेवायचं, हे काकांनाच ठाऊक. ते खुर्चीवर बसले आणि शिकवणी सुरू झाली.

काय सांगू तुम्हाला! काका म्हणाले, "चहा." काकूंनी चहा करून आणला. काकांनी कप घेतला आणि रागारागानं माझ्या इंजिनाकडे दाखवू लागले. मी तर घाबरूनच गेले. मग काकूंच्या लक्षात आलं, ऑइल म्हणायचंय. त्यांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑइल तळाला गेलं होतं. माझ्या इंजिनात चहा जायचा थोडक्यात टळला.

बॅटरी काढताना काका म्हणाले, "लाल आधी." खरं तर काळी तार आधी सोडायची असते. काकूंनी लाल सोडायला घेतली, पाना माझ्या पत्र्याला टेकला आणि चर्र करून ठिणगी उडाली. काकू मागे सरकल्या. काका डाव्या हातानं स्वतःचं तोंड झोडू लागले. काकूंनी तो हात धरला आणि धरूनच ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी त्याच हातात पाना दिला. "बोलू नका. नुसतं दाखवा." काकांनी पाना काळ्या तारेवर नेऊन ठेवला, अगदी अचूक.

तेव्हापासून निम्मी शिकवणी हातानं आणि निम्मी तोंडानं चाले. काकू चाक बदलायचा सराव करत. एकदा त्यांनी मला जॅकवर आधीच उचललं, मग नट फिरवायला गेल्या तर नटाबरोबर चाकच फिरू लागलं. काका "वर, वर" म्हणत आणि काठी मात्र जमिनीवर आपटत. काकूंनी मला खाली टेकवलं आणि नट आधी ढिले करून घेतले. कानांवर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, मला तर काहीच उमगत नसे.

आम्ही दवाखान्याला जाऊ लागलो. एका दुपारी आडरस्त्याला माझं पुढचं चाक बसलं. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही. काकूंनी डिकीतून स्टेपनी काढली, घामाघूम होऊन चाक बदललं, जॅक उतरवला आणि एकेक नट आवळला. त्या हात पुसत होत्या, इतक्यात आत बसून खिडकीतून बघत असलेले काका म्हणाले, "सैल. सैल."

तेवढ्यातच मागून आलेला एक ट्रकवाला मदतीला थांबला होता. त्यानं पाना उचलला. "काका म्हणतात तर थोडं सैल करतो. जास्तच आवळलं असेल."

"थांब जरा," काकू म्हणाल्या. "हे सैल म्हणतात तेव्हा कधी घट्ट म्हणायचं असतं, कधी सैलच म्हणायचं असतं."

"मग आत्ता काय म्हणायचंय?"

"ते मलाही कळत नाहीये."

चाकात काहीतरी डगडगतंय, हे मला जाणवत होतं, पण सांगणार कोण आणि कसं? काकूंनी पाना घेतला, काकांच्या डाव्या हातात दिला आणि खांद्याचा आधार देऊन त्यांना खाली उतरवलं. काका रस्त्यावर गुडघा टेकून बसले. एकेक नट चाचपत गेले आणि एकावर थांबले. पाना लावून ओढला, तर तो नट सहज फिरला. गडबडीत काकूंकडून तेवढाच आवळायचा राहिला होता. डाव्या हाताचा जोर पुरेना, तशी काकूंनी त्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून ओढलं आणि चाक माझ्या अंगाशी गच्च बसलं.

ट्रकवाला हळूच म्हणाला, "मी तर बाकीचेही सोडले असते."

आता सुट्टीच्या सकाळी काकू एकट्याच बॉनेट उघडतात. परवा वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात थबकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, हे सगळं यांनीच शिकवलं ना तुम्हाला?

काका म्हणाले, "नाही."

मित्रांनो, तेव्हापासून मी विचार करतेय. त्यांना 'हो' म्हणायचं होतं, की ती आपली आपण शिकली, असं सांगायचं होतं? काकूही त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. त्यांना तरी कळलं का, कोण जाणे.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. अधूनमधून आमचं बॉनेट उघडून पाहत जा, चाकातली हवा बघत जा, पाना हातात धरायला शिका. आणि घरातलं कोणी भलताच शब्द बोललं, तर लगेच हसू नका, लगेच ऐकूही नका. जरा थांबून त्याच्या हाताकडे बघा.