आभाळातल्या कुर्लीची पाठ

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी डोक्यावर घेतले नसेल, मित्रांनो. मी एक जुने इरले आहे. धामापूरच्या लवूआजांनी बांबूच्या बारीक कांबट्या विणून माझी जाळी केली, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची पाने दाबून बसवली आणि मला कासवाच्या पाठीसारखा बाक दिला. भाताच्या लावणीत वाकलेल्या माणसाच्या डोक्यापासून कमरेपर्यंत पाऊस लागू नये आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहावेत, एवढ्यासाठी माझा जन्म.

मला मथुराबाईंनी घेतले. लावणीत त्यांचा हात सगळ्यांत चपळ. रोपे चिखलात खोवत त्या मागे मागे अशा सरकत, की पाठीला डोळे असावेत. बांधावरून जाणारे म्हणत, "मथुराचो इरलो बघ! सगळी भिजली, ही सुकी ठणठणीत." ते ऐकून माझी पाने फुगत.

वीस पावसाळे असे गेले. मग बाजारातून प्लास्टिकचे रेनकोट आले. ते हलके, घडी घालता येणारे. मथुराबाईंनी मला मांगरात, म्हणजे अंगणालगतच्या शेतावरच्या खोपीत, खुंटीला टांगले. एका पावसात मी खाली पडलो आणि एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. ते दिवस मी नोकरीत धरत नाही.

माझे दिवस पालटले ते संचितामुळे. ही मथुराबाईंच्या भावाची मुलगी, जामसंड्याची. फोटो स्टुडिओत कामाला होती आणि लग्नांची शूटिंग करायची. पण तिचा जीव भुताखेतांच्या आणि परग्रहांच्या स्वस्तातल्या सिनेमांत. ज्यांत भुताचा मुखवटा मानेपाशी सुटलेला दिसतो, थर्माकोलचे यान दोरीवर हेलकावे खाते, असे सिनेमे ती पुन्हा पुन्हा बघे. "आत्ये, ह्येंच्याकडे कायच नव्हता," ती डोळे मोठे करून सांगे, "तरी तेंनी आख्खो ग्रह उभो केल्यानी!"

तिलाही तसाच एक सिनेमा करायचा होता. नाव ठरले 'आभाळातली कुर्ली'. आभाळातून एक अजस्र कुर्ली, म्हणजे खेकडा, देवबागच्या वाळूवर पडते आणि माणसांच्या सावल्या खाते, अशी गोष्ट. सावली नाहीशी कशी दाखवायची? संचिताने ते सगळे प्रसंग भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना घेतले. मला तर ही युक्ती ऐकूनच घाम फुटला.

कुर्लीची पाठ म्हणून तिने मला निवडले. होडी रंगवून उरलेला लाल रंग मला फासला. नांग्या माडाच्या झावळीच्या रुंद देठांच्या केल्या. तिचा मित्र निलेश देवबागला पर्यटकांना होडीतून फिरवी. त्याने रिक्षाचे दोन मागचे दिवे डोळे म्हणून मला चिकटवले, पण चुकून मागच्या टोकाला, कमरेच्या बाजूला. डिंक वाळून दगड झाला तेव्हा चूक कळली. त्यात निलेशच कुर्ली होणार होता. व्यायामाने कमावलेले त्याचे अंग वाकेना. तीन पावले चालला आणि नाकावर आपटला.

मथुराबाई सगळ्यांसाठी भाकऱ्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"रे, पाठ अशी ताठ धरलंस तर इरलो डोळ्यार येतलो. दी हयसर."

"आत्ये, पण डोळे उलट्या बाजूक लागलेत," संचिता रडकुंडीला आली होती.

"मगे मी उलटी चलतंय. लावणीक आणि काय करतंव?"

आणि त्या वाकल्या. एक पाऊल मागे, मग एक तिरके, मग पुन्हा मागे. वाळूवरून लाल डोळे कॅमेऱ्याकडे सरकत आले. निलेशच्या हातातली भाकरी गळून पडली. तो अभिनय नव्हता. संचिताने तो तुकडा सिनेमात तसाच ठेवला.

सिनेमा तयार झाला. एका शहरातल्या स्पर्धेत तो दाखवला गेला तेव्हा आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. कुर्लीने पहिला हल्ला केला आणि तिच्या पोटाखाली मथुराबाईंच्या हिरव्या बांगड्या लखकन दिसल्या. सभागृह खदखदून हसले. परीक्षक माइकवर म्हणाले, "बाकी राहू द्या, निदान ते इरलं आहे हे तरी लपवायचं!" पुन्हा हशा. मथुराबाईंनी दोन्ही हात पदरात ओढून घेतले. गावातही ही गोष्ट पोचली. बाजारात मुले "कुर्ली इली, कुर्ली इली" म्हणून ओरडत, तेव्हा त्या वाट बदलत.

संचिताने सिनेमा इंटरनेटवर टाकला आणि त्या विषयाला कुलूप लावले. दोन वर्षांनी तिने मुंबईत एका ऑफिसात नोकरी पत्करली. निघण्याआधी ती आत्याच्या पाया पडायला आली, तर तिच्या मागोमाग स्कूटरवरून एक अनोळखी मुलगी अंगणात उतरली. ती समीक्षा, मालवणच्या कॉलेजात शिकणारी. संचिता धामापुरात आहे असे निलेशकडून कळल्यावर ती तडक तिथे आली होती.

"आमी दर रविवारी तुमचो सिनेमा बघतंव," ती धापा टाकत म्हणाली. "सोळा जणांनी सुरुवात केलली. आता घरात मावणत नाय. येत्या रविवारी सकाळी हॉल घेतलो आसा. काकीनू, तुमी येवकच होया. इरलो घेवन."

मथुराबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "परत हसूक बोलवतास?"

"हसतलंव," समीक्षा म्हणाली. "खोटा कित्याक सांगू? पण काकीनू, माझी बारकी भयण अजून दुपारची अंगणात जाता आणि आपली सावली आसा काय बघता."

सुपातला हात थांबला.

"खरा?"

"तुमच्या गळ्याची शपथ."

मथुराबाई उठल्या, मांगरात आल्या आणि त्यांनी माझ्यावरची जळमटे पदराने पुसली.

रविवारी हॉलच्या खिडक्यांना गोणपाटे लावून काळोख केला होता. बसायला जागा नव्हती, लोक भिंतींना टेकून उभे होते. मथुराबाई मला मांडीवर घेऊन संचिताशेजारी खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. सिनेमा सुरू झाला. बांगड्यांचा प्रसंग जवळ आला तशी त्यांची बोटे माझ्या कडेत अशी रुतली, की एक कांबटी मोडली. आणि पडद्यावर बांगड्या चमकताच हॉलभर खळ्ळकन आवाज झाला. शेकडो हातांत हिरव्या बांगड्या होत्या! कॉलेजची मुले, कोळणी, एक पेन्शनर मास्तर, सगळ्यांनी त्या घातल्या होत्या आणि सगळे हात वर करून त्या वाजवत होते. हसत होते, होय. पण कोणी शेजाऱ्याला कोपर मारत नव्हते. सगळ्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते. पुढच्याच क्षणी निलेशची सावली नाहीशी झाली आणि तोच हॉल असा चिडीचूप झाला, की पंख्याची घरघर ऐकू आली. मागे एक पोर भोकाड पसरून रडले.

मथुराबाईंनी माझी कड सोडली, हात पदराबाहेर काढला आणि हळूच आपल्या बांगड्या वाजवल्या.

सिनेमा संपल्यावर त्यांना मंचावर बोलावले. "बोलूक माका येणा नाय," त्या म्हणाल्या, "चलून दाखवतंय." मला पाठीवर घेतले आणि वाकल्या. मंचाच्या तीन पायऱ्या त्या मागे न बघता उतरल्या आणि खुर्च्यांच्या मधून उलट्या सरकत सुटल्या. काय किंकाळ्या, मित्रांनो! पेन्शनर मास्तर खुर्चीवर चढले. हॉलच्या दारापर्यंत जाऊन मथुराबाई ताठ उभ्या राहिल्या, मला काढून डोक्याच्या वर धरले, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला.

संचिताने डोळे पुसले आणि माइक हातात घेतला. एवढेच म्हणाली, "मी मुंबैक जाणंय नाय. दुसरो सिनेमा करतंय."

आता माझी मोडलेली कांबटी बदलली आहे. पाने नवी आहेत. पाठीला दोन डोळे वाढले आहेत, आणि या वेळी ते मुद्दाम मागच्या टोकाला लावले आहेत.

मित्रांनो, एखाद्या गरीब सिनेमात राक्षसाची शिवण दिसली तर खुशाल हसा, पण उठून जाऊ नका. शिवण दिसते, कारण ती कोणीतरी हाताने घातलेली असते. आणि घरात माझ्यासारखे काही धूळ खात पडले असेल, तर टाकण्याआधी एकदा पाठीवर घेऊन बघा.

आता मला निघायला हवे. निलेशची होडी किनाऱ्याला लागली आहे, मथुराबाई हाका मारत आहेत, आणि आज आम्हांला अख्खे मालवण बंदर खायचे आहे.