अलोख्टोन

तोआ पायोहच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाच्या गणपतीची तालीम होती. सिंगापूरला येण्याआधी आम्ही सहा वर्षं हॉलंडमध्ये होतो, हे माहीत असल्यामुळे अध्यक्ष अभयकाकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा मुलगा तिकडेच असतो, सून डच.

"ऋता, अलोख्टोन म्हणजे काय गं? माझ्या नातवाला तिथे तसं म्हणतात म्हणे."

मी सांगितलं. जोडशब्द आहे, मूळ ग्रीक. अलोस म्हणजे दुसरा, ख्थोन म्हणजे जमीन. पूर्वी तो खडकांसाठी होता, आपल्या जागेवरून सरकलेल्या. पुढे सरकारनं तो माणसांना चिकटवला. आईबापांपैकी एक जरी परदेशात जन्मलेला असला तरी मूल अलोख्टोन, मग ते जन्मलं का असेना तिथल्याच दवाखान्यात. आमची अश्लेषा डेल्फ्टला जन्मली, तीही त्यातच मोजली गेली.

काका लालबुंद झाले. "नुसत्या आईवरून नाहीतर बापावरून पोराला परकं ठरवायचं? लाज कशी वाटत नाही यांना?"

मला फार बरं वाटलं. आपलं माणूस भेटलं, असं वाटलं.

मग तेच काका टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प करून म्हणाले, "अथर्वशीर्षाला पुढच्या रांगेत अस्सल मराठी घरातली मुलं. आईवडील दोघंही मराठी हवेत. बाकीची मागे, झांजा वाजवतील."

अश्लेषाचे वडील श्रीनिवास हुबळीचे, कानडी. पोरीनं शाळेच्या बसमध्ये बसून अख्खं अथर्वशीर्ष पाठ केलं होतं. काकांनी झांजा तिच्यापुढे धरल्या. "घे बाळ."

ती माझ्याकडे वळून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, आय नो द होल थिंग ला. व्हाय बिहाइंड?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसलं अस्सल! तूप आहे का हे?

"काका, तुमचा नातू गणपतीला आला तर त्याला कुठे बसवाल?"

"पुढे! विचारायचं काय त्यात? नातू आहे माझा."

"त्याची आई डच आहे."

हॉलमधले सगळे आमच्याकडे बघायला लागले. काका चाचरले. "त्याचं... त्याचं वेगळं आहे."

"हॉलंडमधला साहेबही हेच म्हणतो."

मी अश्लेषाचं आसन उचललं, पुढच्या रांगेत अगदी मधोमध टाकलं आणि तिला बसवलं. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि कुणाची वाट न बघता खणखणीत आवाजात सुरुवात केली. बाकीची मुलं तिच्या मागून म्हणू लागली.

काका मागेच उभे राहिले, झांजा हातात घेऊन.