चार खोट्या नोंदी आणि एक कासव

पदरचे पैसे भरून कासवाचं शेण गोळा करायला जाणारा आपल्या खानदानातला मी पहिलाच, असं कंट्रोलर विमानात बसल्यापासून म्हणत होते. पहिल्यांदा बायको हसली. दुसऱ्यांदा तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, खापरपणजोबांचं कुणी विचारलंय का? त्यांनीही काही उचललं असेल."

बस डेपोत चौतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, कुठला ड्रायव्हर चहाला म्हणून उतरला आणि जेवूनच आला, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात. खोटी वेळ लिहून आणणाऱ्या ड्रायव्हरला ते सगळ्या डेपोसमोर असा सोलत की बिचारा पुढचे चार दिवस वेळेच्या आधीच पोचे. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, पण सवय घरी आली. दूधवाला सहा मिनिटं लेट. कुकरची तिसरी शिट्टी लांबली. बायको देवळात जाते म्हणून गेली आणि एक तास दहा मिनिटांनी आली. देवाशी एवढं काय बोलायचं असतं?

बायको इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून त्याच वर्षी निवृत्त झालेली. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, तिचा सख्खा भाऊसुद्धा. तीन महिने तिने हे ऐकून घेतलं आणि चौथ्या महिन्यात एक माहितीपत्रक नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं. परदेशातली चौदा दिवसांची सहल. आधीचे नऊ दिवस एका संरक्षण केंद्रात स्वयंसेवक म्हणून अवाढव्य कासवांची सेवा, मग चार दिवस साहस: फेसाळत्या नदीतून रबरी होडी, कडा उतरणं, दरीवरच्या तारेवरून घसरत जाणं. सिस्टरला नदी हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी धरली, आता एकदा स्वतःची उडवून घेते म्हणाली. पण पॅकेज एकच होतं. कासवांशिवाय नदी मिळत नव्हती.

"आणि मला काय हवंय, ते?" कंट्रोलरांनी विचारलं.

"तुम्हाला कधी काही हवं असतं का? तुम्हाला फक्त वेळेवर हवं असतं."

तर असे ते गेले.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, एक स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि पुढे मैलभर पसरलेलं खुरटं रान. केंद्रप्रमुख एक पन्नाशीच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या, कासवांशी मात्र तासन्‌तास बोलणाऱ्या. बरोबरचे स्वयंसेवक सगळे पंचविशीतले. पृथ्वी वाचवायला आले होते आणि आंघोळीला सगळी टाकी रिकामी करत होते.

बाईंनी पहिल्याच दिवशी काम समजावलं. ही कासवं फळं खातात, बिया जशाच्या तशा बाहेर टाकतात, आणि त्यातून रान उगवतं. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाने एकेका कासवामागे फिरायचं, दर दहा मिनिटांनी ते काय करतंय ते लिहायचं आणि त्याने जे काही मागे टाकलं ते पिशवीत भरून आणायचं. मग ते चाळणीत धुऊन बिया मोजायच्या. कासवाला हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही, नावं ठेवायची नाहीत.

"नावं ठेवायची नाहीत म्हणजे निंदा करायची नाही?" कंट्रोलरांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. बाईंना कळलं नाही. सिस्टरने त्यांच्या पायावर पाय दिला.

कंट्रोलरांच्या वाट्याला एक्केचाळीस नंबर आला. दोन माणसांनी मिळून कवेत घ्यावा एवढा घेर, शंभरीच्या आसपासचं वय आणि चेहरा थेट निवृत्तीला आलेल्या डेपो मॅनेजरचा. पाठीवर चिकटवलेलं एक छोटं यंत्र, त्यातून निघणारे संदेश बाईंच्या खोलीत पोचायचे. पहिल्या दिवशी एक्केचाळीस नंबरने सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळात एक पाऊल टाकलं. तेही मागे.

पण दुसऱ्या दिवसापासून कंट्रोलरांना गोडी लागली. रजिस्टर हातात, घड्याळ मनगटावर, समोर एकच गाडी आणि तीही पळून न जाणारी. याहून चांगली नोकरी त्यांना चौतीस वर्षांत मिळाली नव्हती. चौथ्या दिवशी ते जेवताना सांगू लागले, की एक्केचाळीस रोज सव्वानऊला उठतो, मोठ्या झाडाखाली पडलेली फळं खातो, साडेबाराला शेण टाकतो. "साडेबारा म्हणजे साडेबारा! आपल्याकडे एकाही गाडीने हे केलं नाही."

"गाड्यांनी नाही केलं ते बरंच झालं," सिस्टर म्हणाली.

बाई त्यांच्या नोंदी पाहून खूश झाल्या. बाकीच्या पोरांच्या वहीत 'गोड दिसतंय' असलं काहीबाही असायचं. बाईंनी सगळ्यांसमोर कंट्रोलरांचं रजिस्टर वर धरलं आणि नोंदी अशा असाव्यात म्हणाल्या. कंट्रोलरांनी मान खाली घातली, पण छाती काही खाली गेली नाही.

आणि मग आठवा दिवस उजाडला. उन्हाचा तडाखा होता. दुपारच्या जेवणात भात जरा जास्तच झाला होता. एक्केचाळीस झाडाखाली बसलेला, कंट्रोलर शेजारच्या झाडाखाली. दोनची नोंद झाली: 'बसलेलं. हालचाल नाही.' डोळे मिटले ते नुसते उन्हाची तिरीप लागते म्हणून. उघडले तेव्हा घड्याळात दोन पंचेचाळीस झाले होते आणि समोर झाड होतं, फळं होती, कासव नव्हतं.

कासव पळून गेलं, हे वाक्य जगात कुणाला सांगण्यासारखं नाही. कंट्रोलर दोन्हीकडे धावले, झुडपं हलवली, मागे पाहिलं, नको तिथे वरसुद्धा पाहिलं. काही नाही. तीन वाजता पाळी बदलायला दुसरा स्वयंसेवक येणार होता. तेव्हा त्यांच्या हाताने ते केलं, जे त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. दोन दहा: बसलेलं. दोन वीस: बसलेलं. दोन तीस: बसलेलं. दोन चाळीस: बसलेलं, हालचाल नाही. अक्षरसुद्धा नेहमीसारखं वळणदार आलं. मेलं जराही थरथरलं नाही.

पाळीवर आलेल्या पोराला ते म्हणाले, "आत्ताच झुडपात शिरलं. येईल." पोराने बरं म्हटलं आणि कानात गाणी घातली.

संध्याकाळपर्यंत आलं नाही. बाईंच्या खोलीत त्या यंत्राचा संदेशही नव्हता. नवव्या दिवशी सकाळी सगळे शोधायला निघाले. बाईंनी जमिनीवर नकाशा पसरला. कंट्रोलरांचं रजिस्टर उघडून म्हणाल्या, "दोन चाळीसपर्यंत ते इथंच होतं. तीन वाजता दिसत नव्हतं. म्हणजे तेव्हा ते या झुडपांच्या आसपासच असणार. यांच्या नोंदी पक्क्या आहेत, सुरुवात इथूनच करा." आणि वीस माणसं त्या झुडपांत गुडघ्यांवर रांगू लागली. काटे, मुंग्या, ऊन. सिस्टरच्या कोपराला ओरखडा आला. कंट्रोलरही रांगत होते आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं, की आपण सगळे चुकीच्या जागी रांगतोय.

दुपारी त्यांनी बायकोला टाकीमागे बोलावलं.

"अगं, मी झोपलो होतो."

"कधी?"

"काल. दोन ते पावणेतीन. त्या नोंदी खोट्या आहेत."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी ओठांत, मग पोट धरून. "तुम्ही? खोटी वेळ लिहिली? त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही एवढ्यासाठी रडवलं होतं ना हो?"

"हसू नकोस. काय करू सांग."

तिने पदराने डोळे पुसले. "वॉर्डात आम्ही एकच शिकवायचो. चुकीची गोळी दिली गेली तर आधी सांगायचं, मग रडायचं. जा."

कंट्रोलर गेले. बाई नकाशावर वाकल्या होत्या. इंग्रजी आयत्या वेळी दगा देईल म्हणून त्यांनी एकच वाक्य पाठ करून नेलं होतं, ते म्हटलं आणि रजिस्टर पुढे ठेवून चारही नोंदींवर बोट ठेवलं. बाईंनी त्या चारही नोंदी पुन्हा वाचल्या. ओरडल्या असत्या तर कंट्रोलरांना बरं वाटलं असतं. ओरडण्याचा धंदा त्यांना माहीत होता. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, "पाऊण तासात ते किती चालतं?"

"घाईत असेल तर दोनशे-अडीचशे पावलं," कंट्रोलर ताबडतोब म्हणाले. तेवढं त्यांना पाठ होतं. "आणि त्यानंतर एक अख्खा दिवस गेलाय."

बाईंनी नकाशावर मोठं वर्तुळ काढलं. ते रानाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे गेलं. पण स्वयंसेवकांचे दिवस संपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप येणार होती, नदीकडे न्यायला.

त्या संध्याकाळी कंट्रोलर बायकोला म्हणाले, "मी थांबतो. ते सापडल्याशिवाय मला नदी दिसायची नाही." त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, मग मीही थांबते. एकतीस वर्षांच्या संसारात माणूस अशा काही गोष्टी गृहीत धरतो.

"थांबा," सिस्टर बॅग भरत म्हणाली. "टोपी घाला, पाणी प्या. मी मात्र जाणार. कासव तुम्ही हरवलंय, मी नाही." आणि सकाळी ती पंचविशीतल्या पोरांच्या मधोमध बसून, जीपमधून हात हलवत निघूनही गेली. कंट्रोलरांना राग आला, मग जरा कौतुक वाटलं, मग पुन्हा राग आला.

केंद्रावर राहिले बाई, कंट्रोलर आणि आचारी. आचारी जाडजूड, घामट, आणि कासवांबद्दल त्याचं स्पष्ट मत होतं की आजोबांच्या काळी लोक ती खायचे. बाईंना हे ऐकवत नसे. त्या दुर्बीण घेऊन टेकडीकडे गेल्या. कंट्रोलर आचाऱ्याला घेऊन रस्त्याकडे निघाले.

"रस्त्याकडे कशाला?" आचाऱ्याने विचारलं.

"गाडी कधी हरवत नसते," कंट्रोलर म्हणाले. "कुठेतरी फसलेली असते. फसते कुठे? जिथे रस्ता अरुंद होतो तिथे."

दीड तास ते रस्त्याच्या कडेकडेने चालले. मग एका जागी कंट्रोलर थबकले. नाक वर केलं. आठ दिवस तो माल पिशवीत भरला होता, धुतला होता, चिवडला होता. ताजा की शिळा हे ते आता डोळे मिटून सांगत. "एक्केचाळीस," ते म्हणाले. खाली रस्त्याखालून जाणारी जुनी मोरी होती, सिमेंटच्या मोठ्या नळाची. तोंडावर गवताचा पडदा. गवत बाजूला केलं, तर आत अंधारात एक प्रचंड पाठ दिसली. आतला गारवा बघून गडी शिरला होता, पुढे गाळाने नळ अर्धा भरलेला. तिथे पाचरीसारखा बसला होता. ना पुढे, ना मागे. यंत्राचा संदेश बाहेर का येत नव्हता तेही कळलं.

आचाऱ्याने बाईंना फोन लावला आणि केंद्रावरून दोन फावडी आणि एक टोपलं आणलं. पलीकडच्या तोंडाने कंट्रोलर आत शिरले, पोटावर सरपटत. पंधरा वर्षं जमिनीवर मांडी न घातलेला माणूस. हाताने गाळ ओढायचा, टोपल्यात भरायचा, आचारी टोपलं बाहेर खेचणार. वीतभर अंतरावर एक्केचाळीसचं तोंड. तो फुसकारला. "बोल, बोल," कंट्रोलर मराठीत म्हणाले. "शिव्या दे. तुझा हक्क आहे. मी झोपलो, माझी चूक. पण तू तरी एवढ्या मोठ्या रानात हाच नळ कुठून शोधलास, शहाण्या?"

बाई आल्या त्या थेट गुडघ्याएवढ्या चिखलात उतरल्या आणि दुसरं फावडं उचललं. तीन तासांनी मोरीला वाट झाली. एक्केचाळीसने पुढचा पाय टाकला. थांबला. कंट्रोलर उलटे सरकू लागले, पण त्यांचा वेग आणि कासवाचा वेग यात फारसा फरक उरला नव्हता. त्याने मान बाहेर काढली, आणि घाबरलेली कासवं करतात तसं, दोन दिवसांचं साठवलेलं सगळं पाणी एका दमात सोडून दिलं. उताराने ते वाहत आलं ते कंट्रोलरांच्या छातीखालून, पँटमधून, थेट बुटांत.

आचारी रस्त्यावर बसून हसत होता. बाईसुद्धा हसल्या, दहा दिवसांत पहिल्यांदाच. एक्केचाळीस मात्र बाहेर पडला, कुणाकडेही न बघता चार पावलं गेला आणि गवत खाऊ लागला. आभार वगैरे काही नाही. कंट्रोलर मात्र चिखलात बसल्या बसल्या त्याच्याकडे बघत राहिले, आणि डोळ्यांत गाळ गेला असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर परतली, ती एक डोळा काळानिळा करून. होडी उलटली होती. वल्ह्याचा दांडा लागला होता. पाण्याखाली असताना तिला वाटलं, संपलं. आणि वर आली ती किंचाळत, म्हणे, पुन्हा, पुन्हा एकदा! ती नदीचं सांगत होती, ते मोरीचं सांगत होते, दोघंही एकाच वेळी, आणि कुणाचं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "सापडलं ना? बरं झालं. उद्या शेवटचा दिवस आहे. दरीवरची तार इथून जवळच आहे. आता कारण सांगू नका."

सकाळी कंट्रोलरांना पट्ट्यांनी आवळून कड्यावर उभं केलं गेलं. खाली दरी, दरीत धुकं, धुक्यात काय ते देवाला ठाऊक. तारेवरच्या माणसाने तीनपर्यंत मोजणार म्हणून सांगितलं आणि दोनलाच ढकललं.

दरीभर त्यांचा आवाज घुमला. तारेवरच्या त्या माणसाची आई, त्याचं खानदान, दरी, तार आणि सहल काढणारी कंपनी, कुणालाही त्यांनी सोडलं नाही, आणि हे सगळं अस्सल मराठीत, खणखणीत. पलीकडे उभ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाणं म्हणतायत.

सिस्टर आधीच पलीकडे पोचली होती. नवरा धापा टाकत तिच्यापुढे येऊन लोंबकळला, तेव्हा तिचा एक धड डोळा विस्फारलेला होता.

"अहो! हे सगळं तुम्हाला येतं?"

"डेपोत शिकलो," कंट्रोलर कसेबसे म्हणाले.

"आणि एकतीस वर्षं मला ऐकवलं नाहीत?" ती पट्ट्याचा हूक सोडवत म्हणाली. "त्यातला तो तिसरा शब्द काय होता? जरा परत म्हणा."