बापाचं वाक्य

आमच्या अंगदनं स्वतःवरच पिच्चर काढला, आणि त्यात अंगद झाला तोही स्वतःच. जामखेडच्या पलीकडच्या आमच्या गावात असले उद्योग कोणी करत नाही, म्हणून माणसं हसली. मी त्याचा चुलतभाऊ. मी हसलो नाही, कारण हा खटाटोप कशासाठी चाललाय ते मला ठाऊक होतं.

त्याचा बाप सूर्यभान, म्हणजे माझा चुलता, दोन वर्षांखाली वारला. अंगदचा पहिला पिच्चर शाळेच्या मैदानात दाखवला, तेव्हा चुलता पुढंच बसला होता. मध्येच शेतीची लाईट आली, तसा मोटार चालू करायला उठून गेला. परत आला नाही. पुढंही त्या पिच्चरबद्दल चकार शब्द काढला नाही. आता नव्या पिच्चरमध्ये मेलेला बाप पित्तर होऊन घरी जेवायला येणार आणि म्हणणार, "अंगद, तुझा पिच्चर पाहिला. आवडला." एवढ्या एका वाक्यासाठी पोरानं नगरची नोकरी सोडली होती.

बापाचं काम आसारामआबांना दिलं. चुलत्याचे ते जिवलग. दर भाद्रपदात पित्तरपाटात त्याच्या नावानं जेवायला तेच बसतात. अंगदच्या घरात बाईमाणूस कोणी नाही, म्हणून शूटिंगचा स्वयंपाक माझ्या आईनं केला. तिथंच चूक झाली. तिनं आबांचे पाय धुतले, गंध लावलं, कढी, वडे, खीर सगळं रीतीनं वाढलं. तिला खोटं खोटं वाढायला जमतच नाही.

कॅमेरा सुरू झाला. आबा जेवत राहिले. वाक्य काही येईना.

"आबा, बोला की," अंगद म्हणाला.

"नुसता आसाराम असतो तर शंभरदा बोललो असतो. आता सूर्यभानच्या ताटावर बसलोय. त्यो असं कधी बोलला न्हाई."

"मग आप्पा काय बोलले असते?"

"मला काय म्हाईत? ल्योक तू हायेस. तू सांग, मी म्हन्तो."

अंगदनं तोंड उघडलं. आम्ही सगळे थांबलो. सख्खा बाप, आणि त्याचं एक वाक्य पोराला सापडेना. मला त्याच्याकडं बघवेना.

पुढं नगरला एडिटिंगच्या खोलीत एकट्यानं बसून त्यानं ते वाक्य आपल्याच आवाजात भरून पाहिलं, म्हणे. मग पुसून टाकलं.

पिच्चर आता तयार आहे. त्यात बाप येतो, खाली मान घालून जेवतो. अंगद भांडं घेऊन समोर उभा असतो. "आणखी वाढू का?" एवढंच विचारतो.

बाप वर न बघता ताटावर हात आडवा धरतो.