काठी उभी हाय

मी एक काठी बोलतेय. हळू बोलतेय, म्हणून जरा जवळ सरकून ऐका. मोठ्यानं का बोलत नाही ते शेवटी सांगते.

काठी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं म्हाताऱ्याच्या हातातली येईल, नाहीतर गुराख्याच्या खांद्यावरची. तसली मी नव्हे. मी जोतिबाची सासनकाठी. चैत्राच्या यात्रेला गावोगावच्या उंच काठ्या डोंगरावर नाचत जातात, त्यांतली एक. चार घरांवरून डोकावावं एवढी माझी उंची, आणि त्या उंचीचा मला गर्वही होता. उगाच खोटं कशाला बोलू?

माझा जन्म पाटणच्या खोऱ्यातला, वेळूच्या बेटात. खटाव तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावाला देवासाठी नवी काठी हवी होती, तेव्हा नाथाजी मला बघायला आले. मुलगी बघायला आल्यासारखे माझ्याभोवती फिरले, बोटाच्या पेरानं अंगावर टकटक केली आणि म्हणाले, "ही सरळ हाय. हिच्या पोटात कीड न्हाई." पुढं माझ्यावर काय काय आलं, पण ते शब्द मी विसरले नाही.

काठीचा मान नाथाजींच्या घराण्याचा. मला तेल पाजलं, रंगीत पटके बांधले, शेंड्याला पितळी कळस चढवला. मधला गडी मला कमरेच्या पट्ट्यात तोलतो आणि चौघे चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरतात. एकानं ढिलाई केली की मी कलंडते. उभी काठी पडणं यासारखा अपशकुन आमच्या गावात दुसरा नाही.

नाथाजी आणि हरणाबाई यांना मूल होत नव्हतं. जोतिबाला नवस केला आणि मुलगा झाला, म्हणून त्याचं नाव जोतीराम. लहानपणी तो माझ्या दोरीला लोंबकळायचा. मिसरूड फुटल्यावर पट्टा त्यानं कमरेला बांधला. त्याच्यासारखं मला कुणी नाचवलं नाही. पुढं तो पलटणीत गेला, तरी चैत्रात रजा काढून यायचा. शेवटच्या रजेत त्याचं शालूबाईशी लग्न झालं, आणि येताना त्यानं कँटीनमधून आईसाठी रेडिओ आणला होता.

त्या रेडिओचा मला रागच यायचा. मी देवाची, आणि वर्षातले अकरा महिने माळवदाखाली तुळयांना बांधून आडवी. तो पेटीएवढा पाहुणा मात्र भिंतीतल्या कोनाड्यात, अंगावर विणलेला रुमाल पांघरून बसलेला. संध्याकाळी सगळी आळी त्याच्यापुढं मांडी घालून बसायची. माझ्याकडं मान वर करून कुणी बघायचं नाही.

मग एकाहत्तर साल संपताना लढाई झाली. लढाई लवकर संपली, लोकांनी साखर वाटली, आणि त्यानंतर आमच्या दारात तार आली. जोतीराम पश्चिम सरहद्दीवर बेपत्ता.

हरणाबाईनं विचारलं, "बेपत्ता म्हंजी हाय का न्हाई?"

तार वाचणाऱ्यानं तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. नाथाजी दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. शालूबाई आत चुलीपुढं होती. तिचा हात कपाळाकडं गेला, कुंकवाशी थांबला आणि खाली आला. मी वरून सगळं बघत होते.

शेजारचे आकाराम हवालदार फौजेत बिनतारी खात्यात होते, नुकतेच पेन्शनीत आले होते. ते म्हणाले, "वैनी, आशा सोडू नगा. आपली जी पोरं तिकडं धरलीत, त्यांची नावं सरहद्दीपलीकडचं रेडिओ स्टेशन दिवेलागणीला सांगतंय. नाव, बापाचं नाव, जिल्हा. पोरगं जित्तं आसंल तर नाव येईल."

रेडिओ लावला. नुसती खरखर. मधूनच एखादा शब्द बुडणाऱ्या माणसासारखा वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. हरणाबाई रेडिओला कान चिकटवून बसली. आकाराम म्हणाले, "हिकडून तिकडचं लांब पडतंय. तांब्याची तार लय उंच बांधाय पायजे. आपल्या मुलखात तेवढं उंच झाड कुठलं?"

हरणाबाईनं मान वर केली. इतक्या वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदा कुणी तसं बघितलं.

"ही घ्या," ती म्हणाली.

नाथाजी दचकले. "देवाची काठी हाय ती, हरणा."

"आन् पोरगं कुणाचं हाय? त्याच देवानं दिलंय न्हवं?"

नाथाजी उठले. त्यांनी स्वतःच माझ्या गाठी सोडल्या.

मला माळवदावर चढवलं. घरातलं लाकडी उखळ वर नेऊन त्यात माझा बुंधा बसवला. देवाच्या काठीला खिळा मारायचा नाही, म्हणून आकारामनी तारेची चिनी मातीची गुंडी सुतळीनं माझ्या शेंड्याला बांधली. मला उभं कसं करायचं हे शिकवावं लागलं नाही. यात्रेतलेच चौघे आले, चार कोपऱ्यांवर दोऱ्या घेऊन उभे राहिले आणि मला खालून रेटा दिला. मी उभी राहिले तशी त्यांच्या तोंडून सवयीनं "चांगभलं" निघालं, आणि अर्ध्यातच थांबलं. गुलाल नव्हता, हलगी नव्हती. मग दोऱ्या मेखांना करकचून बांधल्या. तारेचं एक टोक खाली रेडिओत उतरलं, दुसरं देवळामागच्या लिंबाला गेलं.

आकारामनी भिंतीशी एक खड्डाही खणला. त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ घालून वरनं माती लोटली आणि रेडिओची दुसरी तार तिथं पुरली. "ही अर्थिंग, जमिनीची तार. ही माती वली राह्यली पायजे, वैनी. वाळली की आवाज गेला."

त्या संध्याकाळी खरखर विरली आणि तिकडच्या माणसाचा आवाज घरात स्वच्छ आला. तो नावं वाचत होता. कुणी पंजाबातला, कुणी गढवालातला, कुणी राजस्थानातला. ज्या रेडिओचा मी दुस्वास केला, त्याच्यासाठी मी वाऱ्यात जीव खाऊन उभी होते. परमुलखातल्या पोराचं नाव आलं की हरणाबाई म्हणायची, "कुणाची तरी आय आज निजंल." आणि उद्याची वाट बघत रेडिओवर रुमाल टाकायची.

असे दिवस जात राहिले. आदल्या सालचा पाऊस धड झाला नव्हता. उन्हं तापली तशा विहिरी तळाला गेल्या. बायका लांबच्या मळ्यातून एकेक घागर आणू लागल्या. पिण्याचं पाणी घरात तांब्यानं वाटून मिळायचं. हरणाबाई आपल्या वाट्याचा तांब्या घेऊन भिंतीशी यायची आणि खड्ड्यात ओतायची. तोंडाला लावल्यासारखं करायची तेवढंच. शालूबाईनं ते पाहिलं. सासूची पाठ वळली की स्वतःच्या तांब्यातलं अर्धं पाणी ती सासूच्या तांब्यात घालायची. मला उंचावरून सगळं दिसतं, हीच माझी पीडा.

आणि चैत्र आला.

नाथाजी म्हणाले, "काठी उतरवाय पायजे. डोंगराला जायाचं."

"जावा की. काठी ऱ्हाऊ द्या," हरणाबाई म्हणाली.

"काठी सोडून कसा जाऊ? त्याच्याच दारात त्याच्याच पोरासाठी गाऱ्हाणं घालायचंय. रिकाम्या हातानं घालू?"

"आवं, देव काय पळून चाललाय का? नाव मातुर पळून जाईल. एकदाच वाचत्यात त्ये."

"चार-आठ दिसाचा सवाल हाय."

"त्याच चार-आठ दिसात आलं तर?"

गाव नाथाजींच्या बाजूनं झालं. देवाची काठी यात्रेला गेली नाही तर आणखी काय ओढवेल, असं सगळे म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. मला वाटलं, देवाच्या कळसाशेजारी उभं राहून मीच मागते, माझं तरी तो ऐकेल. हरणाबाई शिडीच्या पायाशी बसली होती. तिला ओलांडून माणसं वर आली आणि त्यांनी तार सोडली.

डोंगरावर नाथाजींनी त्या वयात पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला. गुलालात माणूस माणसाला दिसत नव्हतं. ते नाचले, धापा टाकत नाचले, आणि रडत म्हणाले, "दिलंस तसं परत दे. तुझंच हाय, पण मला दे." मीही मागितलं. शेंडा कळसाकडं झुकवून मागितलं. पण अंगावर तार नव्हती, आणि आपण बहिऱ्या झालोय असं मला पहिल्यांदाच वाटलं.

परत येताना वडूजच्या स्टँडजवळ चहाला थांबलो. नाथाजींनी हॉटेलवाल्याला सहज विचारलं, त्या दिसात पलीकडच्या नावांत काही आलं होतं का? त्याच्या गल्ल्याजवळ मोठा रेडिओ होता.

"आलं हुतं की," तो म्हणाला. "पुनवंच्या सांजंला. सातारा जिल्हा म्हणला त्यो."

"नाव?"

"गिऱ्हाईक लय हुतं, आबा. मी कपबशा उचलत हुतो. सातारा ऐकलं आन् मान वर केली, तवर फुडलं नाव सुरू झालं."

नाथाजींनी बाकी गिऱ्हाइकांना विचारलं, शेजारच्या दुकानात विचारलं, टांगेवाल्यांना विचारलं. सातारा सगळ्यांनी ऐकला होता. नाव कुणालाच आठवेना. नाथाजींचा चहा तसाच निवून गेला.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. लपवलं नाही. हरणाबाईनं शिवी दिली नाही, ऊर बडवला नाही. तिनं पदर खोचला, शिडी चढली आणि माझी एक दोरी स्वतःच्या हातात धरली. आमच्या गावात बाईनं काठीची दोरी कधी धरली नव्हती. एकही पुरुष नको म्हणाला नाही. मी पुन्हा उभी राहिले, अंगावर गुलाल तसाच होता. त्या दिवसानंतर मी देवाला गेले नाही, आणि हरणाबाई नवऱ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही.

नावं पुढंही आली. सातारा आला नाही.

त्या सालच्या थंडीत कैदी सुटून आले. हरणाबाई रोज एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. बाकीच्या गावांतले आले. जोतीराम आला नाही. पलटणीनं कळवलं की यादीत तसं नाव नाही, आता तो गेला असंच धरावं. हरणाबाई म्हणाली, "नाव तर सांगितलं त्येंनी. आमी ऐकलं न्हाई, ही आमची चूक. पुन्यांदा सांगतील." म्हणून तार तशीच राहिली, खड्ड्यात पाणी पडत राहिलं, आणि शालूबाईच्या कपाळावर कुंकू राहिलं.

नाथाजी पुढं फार जगले नाहीत. माझ्या बुंध्याशी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "तुला उतरवली नसती तर." मला तोंड असतं तर सांगितलं असतं, मलाही जायचं होतं हो. त्यांच्यामागं गावानं देवासाठी नवी काठी आणली. ती पहिल्यांदा वाजतगाजत माझ्यासमोरून गेली तेव्हा माझ्या पेरापेरात कळ उठली. मी तोंड फिरवू शकत नव्हते.

आता गावात ट्रान्झिस्टर आलेत. पोरं ते खांद्याला लटकवून हिंडतात, त्यांना ना तार लागते ना काठी. आमचा रेडिओ कधीच मुका झाला. तार तुटून लिंबावर लोंबते. हरणाबाईची नजर गेली आणि मागोमाग पायही गेले. ती अंथरुणाला खिळून आहे. रोज दिवेलागणीला ती एवढंच विचारते, "शालू, काठी उभी हाय का गं?"

"हाय, आत्याबाई."

एवढं ऐकलं की ती दोन घास खाते.

पण मी खरोखर उभी होते का? उखळात पाणी साचून माझा बुंधा कुजला. ज्या पोटात कीड नाही म्हणून नाथाजींनी मला निवडलं, त्या पोटात भुंगे शिरले. वाऱ्यात मी कण्हायची आणि खाली म्हातारी कान टवकारायची. मी पडले तर ती जाईल, हे मला कळत होतं. चारही दोऱ्यांना मी दातओठ खाऊन लटकले होते. आपलं मरण लांबवायला माणूस काय काय करतो, ते मी दुसऱ्याचं मरण लांबवायला केलं.

गेल्या आषाढात एका दुपारी मला बुंध्याशी उभी चीर गेली. शालूबाई वर आली, चिरेवर हात ठेवून थोडा वेळ बसली आणि मग आकारामना बोलावून आणलं.

"काका, हिला हळू उतरवा. आवाज हुता कामा न्हाई."

"आन् म्हातारीला काय सांगायचं?"

"ते मी सांगते. रोज सांगते तसंच."

आकाराम घुटमळले. "शालू, तुला काय वाटतं? जोतीराम..."

"माझं मला कवाच कळलंय," ती म्हणाली. "कुंकू आत्याबाईंसाठी लावते. त्या बोटानं चाचपून बघत्यात."

मग दोघांनी मला लेकराला अंथरुणावर ठेवावं तसं खाली आणलं आणि गोठ्यात भिंतीकडेला निजवलं. भिंतीपलीकडं म्हातारी निजते. मी हळू का बोलतेय, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

आजही दिवेलागणीला प्रश्न आला. आजही शालूबाई "हाय" म्हणाली. म्हातारी म्हणाली, "मग ताण बघून घे. वारं सुटलंय." शालूबाई गोठ्यात आली. चार दोऱ्या ताणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्या अंगावर हात ठेवून अंधारात उभी राहिली, आणि आत जाऊन म्हणाली, "बघितला, आत्याबाई."

माझं एवढंच मागणं आहे. वडूजच्या वाटेनं कधी आलात आणि आमच्या दारात पाणी मागायला थांबलात, तर नवा आवाज ऐकून म्हातारी तुम्हालाही विचारेल. घाईनं उत्तर देऊ नका. तिला दिसत नसलं तरी अंगणात दोन पावलं मागं सरा, मान वर करून रिकाम्या माळवदाकडं नीट बघा, आणि मग सांगा, "हाय, आजी. उभी हाय."