वरून भरायचं, खालून काढायचं

त्या मंगळवारी माझं खालचं कवाड कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, मी पत्र्याची कोठी आहे. माझं वय झालं आहे. तलवाड्याच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथे आसाराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरात, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात, मी पस्तीस वर्षं उभी आहे. माझ्या पोटात ज्वारी असते. डोक्यावर गोल झाकण आहे, आणि खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तळहाताएवढं सरकतं कवाड आहे. रोज सकाळी चहा झाला की आसारामची बायको मनकर्णा माझ्यापुढे उकिडवी बसायची. कवाड सरकवून सुपात ज्वारी घ्यायची. कवाड लावलं की त्यावर दोन बोटं मारायची. टक टक. मला वाटायचं, ती माझी पाठ थोपटते.

मंगळवारी तो आवाज आला नाही. ती माहेरी गेली असेल असं म्हणावं, तर माहेरी जाताना ती आदल्या दिवशी जास्तीची ज्वारी काढून ठेवायची. तसं काही झालं नव्हतं. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. चूल मात्र पेटली नाही. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली आणि तशीच झाकून राहिली. एवढी माणसं घरात असताना माझ्यातून ओंजळभर दाणेसुद्धा कुणी घेत नाही, याचा अर्थ मला लागेना. मग शेजारची कडूबाई माझ्या अंगाला पाठ टेकून बसली आणि कुणाला तरी सांगू लागली, "टँकरच्या रांगंत व्हतो आमी दोघी. वैनी म्हनल्या, कडू, माझी घागर धर. म्या धरली, तर ह्या खालीच बसल्या. गेवराईच्या दवाखान्यात नेईस्तोवर संपलं सगळं."

मनकर्णा घागर धर म्हणाली आणि संपलं. हे दोन्ही एकापाठोपाठ कसं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

माझा जन्म गेवराईच्या बाजारातला. पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला घडवलं. त्या वर्षी गावातल्या दूध संस्थेनं दिवाळीला बोनस दिला होता. मनकर्णाच्या दोन म्हशी होत्या, आणि संस्थेत सगळ्यात आधी किटली घेऊन तीच उभी असायची. बोनस मिळाल्यावर बाकीच्या बायांनी लुगडी घेतली, कुणी सोन्याचे मणी घेतले. मनकर्णानं मला घेतलं. चाचा म्हणाले, "बाई, पत्रा जाड लावलाय. उंदीर दात घासून जाईल, आत न्हाई जायचा."

बैलगाडीतून मला उतरवताना आसारामनं चेष्टा केली. "लोकांच्या बाया सोनं आणत्यात. आमची पत्रा घेऊन आली."

"सोनं चावून दावा मग," मनकर्णा म्हणाली.

ती असं का म्हणाली, हे मला पुढे हळूहळू समजलं. तिचं लग्न झालं त्याच वर्षी, म्हणजे बहात्तर साली, मोठा दुष्काळ पडला होता. नवी नवरी खडी फोडायला गेली. रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाल्ली तरी पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. मनकर्णा कडूबाईला सांगायची, "हातात मजुरी व्हती बाई, पर बाजारात दाणाच न्हवता. तवाच ठरवलं. एक वरीस घरात असावं आन् एक वरीस वावरात."

हा तिचा नियम होता. वावरात यंदाचं पीक उभं राहीपर्यंत घरात मागच्या सालाचं धान्य पाहिजे. माझा तळ तिनं कधी दिसू दिला नाही. शिवाय घरात पंधरा-वीस डबे होते. त्यांत हुलगे, जवस, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, सांडगे आणि उन्हात सुकवलेला हरभऱ्याचा पाला. कोणत्या डब्यात काय आहे, हे तिला न बघता सांगता यायचं. डब्यांवर नाव कशाचंच नव्हतं. तिला त्याची गरजच नव्हती.

एका वर्षी पाऊस गेला आणि साखर कारखान्याला ऊस मिळाला नाही. तोडीला गेलेली माणसं भर थंडीत गाड्या घेऊन परत आली. त्या वर्षी माझं कवाड दिवसातून आठ-दहा वेळा उघडायचं. दारात बाई यायची, काही बोलायची नाही, पदराखाली टोपलं धरून उभी राहायची. मनकर्णाही काही विचारायची नाही. "आत ये, बस. माझी कोठी लई दिवस साफ न्हाई केली, जरा हलकी करू लाग," असं म्हणायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

पुढे तिचा मुलगा रामकिसन पुण्याला कंपनीत लागला. त्यानं आईला फ्रिज पाठवला. फ्रिज माझ्या शेजारी उभा केला. मी त्याला नावं ठेवत नाही. तो थंड होता आणि त्याला दिवा होता. पण आमच्या गावात वीज येते आणि जाते. मनकर्णानं चार दिवस त्याच्यात दूध ठेवून पाहिलं. मग तिनं त्यात कुरड्या, पापड, बिब्बे आणि लग्नाच्या पत्रिका ठेवल्या. रामकिसन हसला. ती म्हणाली, "कपाट झ्याक हाय. मुंग्या जात न्हाईत."

मित्रांनो, आता मला दहाव्या दिवसाचं सांगायचं आहे.

त्यासाठी आधी मडक्यांचं सांगते. माझ्यासमोरच्या भिंतीला मातीच्या पाच मडक्यांची उतरंड होती. एकावर एक, मोठ्यावर लहान. वरच्या चार मडक्यांत डाळी-कडधान्य असायचं. सगळ्यात खालच्या मोठ्या मडक्यात दगडी ज्वारीचं बी असायचं. ही ज्वारी मनकर्णाच्या सासूच्या वेळची. तिची भाकरी गोड लागते आणि कडबा माणसापेक्षा उंच होतो. खायला आणि विकायला ते सोसायटीचं हायब्रीड पेरायचे, तेच माझ्या पोटात यायचं. पण विहिरीजवळच्या पट्ट्यात मनकर्णा दर वर्षी दगडीच पेरायला लावायची. मागच्या दुष्काळात त्या पट्ट्यात कसंबसं दोन पायल्या पिकलं. त्यातला एक दाणा तिनं खाऊ दिला नाही. सगळं राखेत घोळून मडक्यात भरलं आणि वर गच्च राख दाबली. राखेनं बियाला कीड लागत नाही. गावात आता हे बी दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाकी सगळे पिशवीतलं विकतचं पेरतात.

दहाव्या दिवशी आसाराम आणि रामकिसन विधीसाठी गोदावरीवर गेले. नदीला पाणी नव्हतं. घागर घरूनच भरून नेली होती. मागे घरात आसारामची थोरली बहीण जानकीबाई सुतकाची साफसफाई करत होती. तिनं भिंती सारवल्या. मला चिंच आणि राखेनं घासलं. आपल्याकडे सुतक फिटताना धातूची भांडी घासतात आणि मातीची टाकून देतात. मी पत्र्याची म्हणून राहिले. उतरंड गेली.

आसाराम परत आला आणि रिकाम्या भिंतीकडे बघत राहिला.

"आक्का, मडकी कुठं गेली?"

"टाकली. सुतकाची मडकी घरात ठिवत असत्यात का? डाळी काढून घेतल्यात, त्या बघ सुपात."

"खालच्यात काय व्हतं?"

"राख. तोंडापतुर राख. भांडे घासायची असंल म्हनून उकिरड्यावर फोडलं."

आसाराम उंबऱ्यावरच बसला. "त्या राखंत बी व्हतं, आक्का."

"राखंत? कावून? सगळी दुनिया पिशवीतलं पेरती."

"ती न्हाई पेरत," आसाराम म्हणाला.

रामकिसन म्हणाला, "बाबा, सोसायटीत मिळंल बी. आन् आता एवढं साठवून कोन खाणार हाय? तुमी चला माझ्यासंगं. लागंल तसं दुकानातून आणायचं."

आसारामनं त्याच्याकडे पाहिलं, पण ऐकलं असं वाटलं नाही. तो उकिरड्यावर गेला. तिथे कोंबड्या आधीच पोचल्या होत्या. बऱ्याच वेळानं तो परत आला तेव्हा त्याच्या टॉवेलच्या गाठोड्यात थोडे राखाडी दाणे होते. घरात माणसं ये-जा करत होती. ज्याला विचारायचं ते माणूस नव्हतं. पस्तीस वर्षं घरात आलेलं धान्य माझ्यात ओतायची त्याच्या हाताला सवय होती. त्यानं माझं झाकण उचललं, टॉवेल माझ्यात झटकला आणि झाकण लावलं.

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

संध्याकाळी जानकीबाईनं विचारलं, "मिळालं का रं काई?"

"मिळालं थोडं."

"मग ठिवलंस कुठं?"

आसारामनं खांद्यावरचा टॉवेल चाचपला. मग तो डबे उघडू लागला. एकेक डबा उघडायचा, आत बघायचा, आणि दुसऱ्याचंच झाकण त्याच्यावर ठेवायचा. बी कुठल्याच डब्यात नव्हतं. त्याला आठवलंच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. रामकिसन, "पुढच्या महिन्यात न्यायला येतो," म्हणून गेला. आसाराम एकटा राहिला. घर धान्यानं भरलेलं, आणि त्याला कशाचाच पत्ता नाही. मटकी समजून त्यानं हुलगे शिजत घातले आणि दुपारभर चुलीपुढे बसला. हुलगे काही मऊ होईनात. तो पातेल्याला म्हणाला, "तू तरी सांग बे, काय हाईस तू." मग त्यानं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

मला काळजी वेगळीच होती. राखाडी दाणे माझ्यात अगदी वर होते. कवाडातून काढायचं त्याला माहीत नव्हतं. तो मनकर्णाला रोज माझ्यापुढे बसलेली बघायचा, पण पाठमोरी. उद्या दळण संपलं की तो वरून वाटी घालणार, आणि सासूपासून चालत आलेलं बी चक्कीत जाणार. ते त्याला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. नुसतं झाकण होतं.

आणि तसंच झालं. सकाळी कडूबाई तिच्या दळणाबरोबर त्याचंही न्यायला आली. आसारामनं झाकण उघडून दोन वाट्या ज्वारी सुपात काढली आणि ओसरीवर नेऊन दिली.

"दादा, ज्वारीत राख कशी?"

"असंल काही तरी."

"असंल काय? थांबा." कडूबाईनं सूप उजेडात धरलं. "ह्यो दाणा बघा. बारीक हाय, गोल हाय. ही तर दगडी! वरून काढली का तुमी?"

"मग कुठून काढायची?"

"आता ग माय! इतकी वर्सं कोठी घरात हाय आन् खालचं कवाड ठावं न्हाई? वैनी वरून भरून घ्यायच्या, खालून काढायच्या. जुनं आधी खायाचं, नवं वर राहू द्यायाचं. वरूनच खात बसला तर तळचं किडंल का न्हाई?"

आसाराम माझ्यापुढे उकिडवा बसला. पहिल्यांदाच. त्यानं कवाड सरकवलं. ते घट्ट झालं होतं. मग आतली जुनी ज्वारी धारेनं सुपात आली. त्यानं कवाड लावलं, तरी फटीतून दाणे गळत राहिले. तो पुन्हा पुन्हा दाबू लागला.

"दोन बोटं मारा त्याच्यावर," कडूबाई म्हणाली. "वैनी मारायच्या. त्याबिगर बसत न्हाई ते."

टक टक. दाणे थांबले.

आसारामनं खाली सांडलेले दाणे वेचून सुपात टाकले. मी गोंधळले. इतकी वर्षं मी ज्याला थोपटणं समजत होते, ते कवाड बसवणं होतं. आता मी काय समजावं ते मला कळत नाही.

मग दोघांनी माझ्यातली वरची सगळी ज्वारी काढली. दोन दिवस ओसरीवर बसून राखाडी दाणे एकेक करून वेचले. आसारामची नजर अधू झाली आहे, तो हायब्रीडचेही दाणे उचलायचा. कडूबाई म्हणायची, "दादा, तुमाला लग्नात बायको वळखू आली व्हती का?" शेवटी दीड वाटी बी निघालं. पेरणीची एक ओळ म्हणजे एक तास. हे बी तीन तासांना पुरेल. तीन तासांचं पुढच्या वर्षी पट्टाभर होईल, पाऊस आला तर.

मित्रांनो, घरात वर्षाचं धान्य असावं. दुकान गावात असतं, पण दुष्काळात दुकानातही दाणा नसतो. वीज जाते, टँकर चुकतो, वाट बंद होते, दारात कुणी टोपलं घेऊन उभं राहतं. पण माझं एवढंच सांगणं नाही. तुमच्या घरात जे कुणी हे सगळं भरून ठेवतं, त्याच्याजवळ एकदा जाऊन बसा. कोणत्या डब्यात काय आहे, ते विचारा. बी कुठं आहे, ते विचारा. पाठमोरं बघू नका, समोर बसून बघा. भरलेलं घर एकट्याच्याच ध्यानात असेल, तर ते माणूस गेल्यावर बाकीची माणसं भरल्या घरात उपाशी राहतात. मी हे पाहिलं आहे.

आसारामनं रामकिसनला फोन करून सांगितलं, पेरणी झाल्याशिवाय येत नाही. आता तो रोज सकाळी माझ्यापुढे बसतो. सोसायटीच्या बियाण्याच्या पिशव्या आल्या आहेत. दीड वाटी बी माझ्या झाकणावर ताटलीखाली झाकून ठेवलं आहे.

कुंभाराकडून नवं मडकं आणायचं राहिलं आहे. डब्यांची झाकणं अजून अदलाबदल झालेलीच आहेत. पेरणीला लागणारा हस्ताचा पाऊस पडलेला नाही, आणि विहिरीजवळची ती तीन तासं अजून पेरलेली नाहीत.